मोबाईलमधले पिल्लू आणि त्याची भूक ठरवणारे हात

कर्जत परिसरात ‘स्टुडिओ’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो चौकजवळचा एन. डी. स्टुडिओ. कला दिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली तो उभारला. ‘जोधा अकबर’ चित्रपटाचे राजवाडे तिथेच उभे राहिले. असा सेट उभा करायचा म्हणजे एकरांनी जमीन लागते आणि सुतार, रंगारी, वेल्डर, शिंपी, वीजतंत्री यांचा मोठा ताफा लागतो. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत ‘स्टुडिओ’ या शब्दाला आणखी एक अर्थ आला आहे. मोबाईलवरचे खेळ तयार करणाऱ्या जागेलाही आता स्टुडिओ म्हणतात. त्याला ना जमीन लागते ना राजवाडा. दोन टेबले, चार खुर्च्या, तीन संगणक आणि वीज एवढ्यावर तो सुरू होतो.

आज या पानावर आम्ही अशाच छोट्या स्टुडिओंविषयी आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या एका विशिष्ट खेळाविषयी लिहीत आहोत. हा खेळ म्हणजे मोबाईलमधले पाळीव पिल्लू. कधी ते मांजर असते, कधी कुत्रा, कधी नुसताच एक गोळा. त्याला खाऊ घालायचे, आंघोळ घालायची, झोपवायचे. दुर्लक्ष केले की ते रडते, आजारी पडते. वाचकहो, आपल्या घरातही शाळेतून आलेले मूल दप्तर टाकताच आईच्या मोबाईलकडे धावत असेल आणि ‘थांब, त्याला भूक लागली असेल’ असे म्हणत असेल. मोठ्यांना हसू येते किंवा राग येतो. आमचे म्हणणे असे की, हसण्याआधी आणि रागावण्याआधी एक प्रश्न विचारावा. त्या पिल्लाला भूक लागते म्हणजे नेमके काय होते, आणि ती भूक कोण ठरवतो?

पिल्लाचा जन्म

या खेळाची सुरुवात मोबाईलच्या आधीची आहे. १९९५ साली अमेरिकेतील पी. एफ. मॅजिक या कंपनीने संगणकाच्या पडद्यावर फिरणारे कुत्रे आणले होते. पण जगभर वेड लागले ते जपानमधून. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी बंदाई या खेळणी कंपनीने ‘तामागोच्ची’ विक्रीस आणली. अकिहिरो योकोई आणि आकी माइता ही दोन नावे तिच्याशी जोडलेली आहेत. तामागो म्हणजे जपानी भाषेत अंडे. अंड्याच्या आकाराचे प्लॅस्टिकचे खेळणे, त्यावर छोटासा काळा-पांढरा पडदा आणि तीन बटणे. पडद्यावर अंडे फुटे, पिल्लू बाहेर येई. त्याची भूक चार बदामांनी दाखवलेली असे आणि आनंदही चार बदामांनी. बदाम रिकामे झाले की ते आवाज करून मालकाला बोलवी. कोणी आलेच नाही तर ते मरे.

सुरुवातीच्या खेळण्यात ‘थोडा वेळ थांब’ असे सांगण्याचे बटण नव्हते. त्यामुळे मुले ते शाळेत नेऊ लागली आणि अनेक देशांतील शाळांनी त्यावर बंदी घातली. काही घरांत नोकरीवर जाणारे आईबाप मुलांच्या पिल्लाला कार्यालयात सांभाळू लागले. १९९७ साली योकोई आणि माइता यांना अर्थशास्त्राचे ‘इग नोबेल’ देण्यात आले. हे विनोदी पारितोषिक आहे. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांसाठी ते देतात. लाखो माणसांच्या कामाचे तास खोट्या प्राण्यांच्या संगोपनाकडे वळवल्याबद्दल हा मान त्यांना मिळाला. विनोद बाजूला ठेवला तरी त्यात एक खरी गोष्ट आहे. तीन बटणांच्या खेळण्याने माणसाचा दिवस आपल्या वेळापत्रकावर चालवून दाखवला होता.

मोबाईल आल्यावर हे पिल्लू खेळण्यातून फोनमध्ये शिरले. युरोपातील स्लोव्हेनिया या छोट्या देशात २००९ साली सुरू झालेल्या आउटफिट सेव्हन या कंपनीने २०१० साली ‘टॉकिंग टॉम’ हे बोलणारे मांजर आणले. आपण बोललेले वाक्य ते चिरक्या आवाजात परत बोलून दाखवी. २०१३ साली त्याच मांजराला भूक, झोप आणि शौचाची गरज जोडून ‘माय टॉकिंग टॉम’ तयार झाला. २०१७ च्या जानेवारीत ही कंपनी चिनी गुंतवणूकदारांनी सुमारे एक अब्ज डॉलरना विकत घेतली. २०१२ साली आलेला ‘पाऊ’ हा तपकिरी गोळा तर लेबनॉनच्या पॉल सलामेह या एकट्या प्रोग्रामरने तयार केला. तो जगभरच्या मुलांनी पाळला. ना मोठे कार्यालय, ना मोठा देश पाठीशी, ना राजवाडा.

भुकेचे गणित

आता पडद्यामागे जाऊ. मोबाईलमधल्या पिल्लाला पोट नसते. त्याच्या जागी एक आकडा असतो. समजा, तो शंभर आहे. पोट भरलेले म्हणजे शंभर, पूर्ण उपाशी म्हणजे शून्य. असाच एक आकडा आनंदासाठी, एक झोपेसाठी, एक स्वच्छतेसाठी. खेळ बंद करताना फोन त्या क्षणाची वेळ लिहून ठेवतो. पुन्हा उघडला की आताच्या वेळेतून ती वेळ वजा करतो आणि तेवढ्या तासांची भूक एकदम लावून टाकतो. म्हणजे आपण नसताना पिल्लू तडफडत वगैरे काही नसते. ते नसतेच. आपण परत आलो की वजाबाकी होते आणि त्या उत्तराला शोभेल असा रडका चेहरा पडद्यावर येतो. फोनच्या घड्याळाचा काटा मागे नेऊन काही हुशार मुले पिल्लाला फसवतात. त्यासाठी प्रोग्रामरला आणखी एक ओळ लिहावी लागते की, आताची वेळ जर मागच्या वेळेच्याही आधीची दिसली तर सारे काही जसेच्या तसे ठेव.

हे गणित चौथीच्या मुलालाही येते. खरा प्रश्न आहे तो तासाला किती गुण कमी करायचे याचा. तो आकडा स्टुडिओत बसलेला कोणी एक माणूस ठरवतो. त्याच्या मनात एका घराचे चित्र असते. त्या घरात मुलाचा स्वतःचा फोन आहे किंवा आईचा फोन दिवसभर हाताशी आहे. मग तो लिहितो, तासाला दहा.

आता तोच खेळ कर्जतच्या एखाद्या घरात ठेवून पाहू. कर्जत ते मुंबई सीएसएमटी हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. लोकलने एका बाजूला दोन तास मोडतात. खोपोलीहून येणाऱ्यांना कर्जतला गाडी बदलावी लागली तर आणखी वेळ. आपल्या वस्त्यांतून हॉस्पिटलच्या, महापालिकेच्या, कारखान्याच्या, घरकामाच्या नोकरीवर जाणाऱ्या माणसाचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. अनेक घरांत चांगला फोन एकच आणि तो कमावणाऱ्या माणसाबरोबर लोकलमध्ये चढतो. रात्री नऊला तो परत येतो. म्हणजे सोळा तास. तासाला दहा गुण गेले तर पिल्लू दुपारी तीनलाच शून्यावर येते आणि नंतर सहा तास उपाशी राहते. रात्री मूल मोठ्या आशेने फोन हातात घेते, तेव्हा त्याला आजारी पिल्लू दिसते आणि खाली लिहिलेले असते की तू त्याची काळजी घेतली नाहीस.

मुलाने काय केले होते? काहीच नाही. त्याच्या घरात दोन फोन नव्हते एवढेच. दहाच्या जागी पाच हा आकडा लिहिला असता तर सोळा तासांनीही पिल्लाच्या पोटात वीस गुण उरले असते. ते थोडे कुरकुरले असते, मुलाने त्याला भाकरी दिली असती आणि दोघेही झोपली असती. एका आकड्याचा हा फरक आहे. तो आकडा लिहिणाऱ्याला आपले घर ठाऊक नव्हते. त्याने वाईट हेतूने तो लिहिला असेल असे आम्ही म्हणत नाही. जो ज्या घरात वाढतो, त्या घराचे घड्याळ त्याच्या हातून उतरते.

आणि म्हणूनच आमचे ठाम मत आहे की, अशा कामात आपल्या वस्तीतली मुले-मुली गेली पाहिजेत. नोकरी आणि पगार हा भाग आहेच. पण लाखो मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूच्या पोटात कोणाच्या घराचे चित्र असावे, हाही भाग आहे.

चार माणसांचा कारखाना

छोट्या स्टुडिओत कामाची वाटणी कशी असते, हे पालकांना माहीत असावे. एक जण खेळाचे नियम ठरवतो. पिल्लाला कधी भूक लागेल, किती दिवसांनी ते मोठे होईल, दुर्लक्ष झाले तर काय होईल, हे सारे त्याच्याकडे. त्याला गेम डिझायनर म्हणतात. दुसरा ते नियम संगणकाच्या भाषेत उतरवतो, तो प्रोग्रामर. तिसरा किंवा तिसरी चित्रे काढते. पिल्लाचे एक चित्र काढून भागत नाही. जांभई देणारे, जेवणारे, रुसलेले, झोपेत कूस बदलणारे अशी ढीगभर चित्रे लागतात आणि ती हलवावी लागतात. चौथा आवाजाचे काम पाहतो. या सर्वांइतकाच महत्त्वाचा असतो तो तपासणारा, म्हणजे टेस्टर. खेळ मुद्दाम चुकीच्या पद्धतीने खेळून तो कुठे अडतो हे शोधायचे, हे त्याचे काम. जुन्या फोनवर, बॅटरी संपत असताना, रेंज गेलेली असताना, मध्येच फोन आला असताना पिल्लाचे काय होते, हे त्याला पाहावे लागते. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांत राहून ज्याने रेंजसाठी टेकडी चढली आहे, त्याला ही परीक्षा घ्यायला वेगळे शिकवावे लागणार नाही.

जपानच्या हिट-पॉइंट या छोट्या कंपनीने २०१४ साली ‘नेको आत्सुमे’ नावाचा खेळ काढला. त्यात अंगणात खाऊ आणि खेळणी ठेवायची आणि फोन बंद करायचा. आपण नसताना मांजरे येतात, खाऊन-खेळून जातात आणि मागे काही भेट ठेवतात. तुम्ही चार दिवस आला नाहीत तरी कोणी मरत नाही, कोणी बोल लावत नाही. २०१७ साली त्याच कंपनीने प्रवासाला जाणाऱ्या बेडकाचा खेळ काढला. त्याला डबा भरून द्यायचा. तो मनाला येईल तेव्हा निघतो, फोटो पाठवतो, मनाला येईल तेव्हा परततो. २०१८ साली चीनमध्ये हा खेळ फार गाजला. ज्या घरातला माणूस रोज डबा घेऊन पहाटे निघतो आणि रात्री परततो, त्या घरातील मुलाला हा बेडूक अनोळखी वाटणार नाही. सांगावयाचे हे की, पिल्लाला रडवूनच खेळ चालतो असे नाही. न रडवताही चालतो, हे छोट्या कंपनीने करून दाखवले आहे.

फुकटच्या खेळाची किंमत

मग बहुतेक खेळांत पिल्लू इतके का रडते? कारण खेळ फुकट असतो. बहुसंख्य खेळाडू त्यासाठी एक पैसाही मोजत नाहीत. स्टुडिओचा खर्च निघतो तो जाहिरातींतून आणि जे थोडे लोक आतली खोटी नाणी, टोप्या, खाऊ खऱ्या पैशांनी विकत घेतात त्यांच्याकडून. एका जाहिरातीमागे हाती येणारी रक्कम फार थोडी असते. त्यामुळे मूल दिवसातून जितक्या वेळा फोन उघडेल तितके बरे. उपाशी पिल्लू मुलाला परत बोलावते. ‘मला भूक लागली’ अशी सूचना फोनवर वाजते, ती पिल्लाची नसते. ती दुकानाची घंटा असते. छोट्या स्टुडिओपुढेही हा मोह असतो. पाच लिहावे की दहा लिहावे, हा प्रश्न त्यांच्या घरभाड्याशी बांधलेला असतो. प्रामाणिक माणसाचीही इथे ओढाताण होते, हे समजून घेतले पाहिजे.

परंतु आपल्या घराचे रक्षण आपण करायचे आहे. अमेरिकेत मुलांनी पालकांच्या संमतीवाचून ॲपमध्ये केलेल्या खरेदीबद्दल ॲपल कंपनीला २०१४ साली तेथील ग्राहक-व्यापार आयोगाशी तडजोड करून किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत द्यावे लागले. श्रीमंत देशातले जाणकार पालक फसतात, तर महिन्याचा हिशेब रुपयांत जुळवणाऱ्यांनी किती सावध राहावे? आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, यूपीआयचा पिन मुलांना कधीही सांगू नये आणि त्यांच्यासमोर दाबू नये. ‘ऑटोपे’ला एकदा मान्यता दिली की ठरावीक रकमेपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना दर वेळी पिन विचारला जातोच असे नाही, म्हणून मान्यता देताना काय वाचतो आहोत ते नीट पाहावे. दुसरी, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. मुलाचा वेगळा फोन असेल तर गूगलचे ‘फॅमिली लिंक’ हे ॲप पालकांना मंजुरीचा अधिकार देते. तिसरी, खेळाच्या सूचना बंद कराव्यात. घंटा वाजली नाही की निम्मी ओढ कमी होते. चौथी, जाहिरातींत दाखवलेले दुसरे ॲप उतरवून घेऊ नये, असे मुलांना बजावावे. चुकून पैसे गेलेच तर मुलाला मारण्यात वेळ घालवू नये. लगेच, शक्यतो ४८ तासांच्या आत, प्ले स्टोअरकडे परताव्याची मागणी करावी. आणि फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. उशीर झाला की पैसे परत मिळण्याची शक्यता घटते.

कायदाही आता मुलांच्या बाजूने पुढे आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. त्यांची माहिती घेण्याआधी पालकांची खात्रीशीर संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमून जाहिराती दाखवता येणार नाहीत, असे तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होण्यासाठी आहेत. २०२५ सालीच केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. पिल्लू पाळण्याचा खेळ त्या बंदीत येत नाही. जुगार आणि खेळ यांतील हा फरक पालकांनीही लक्षात ठेवावा. मूल फोनवर आहे म्हणजे ते जुगार खेळत आहे, असे समजून त्याच्यावर धावून जाऊ नये.

घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे

‘हे सगळे जपानमध्ये, स्लोव्हेनियात, आपल्याकडे कोण करतो?’ असे कोणी विचारील. कर्जत मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध आहे आणि दोन्हीकडे उदाहरणे आहेत. घाटाच्या अलीकडे, नवी मुंबईत, गेमेशन नावाच्या कंपनीने २०१६ साली ‘लुडो किंग’ काढला. तो काढणारे विकास जयस्वाल मूळचे पाटण्याचे. मुंबईच्या इंडियागेम्स या कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि मग स्वतःचे काम सुरू केले. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांतून हा लुडो खेळला गेला. आपल्या आजी-आजोबांनीही त्यात सोंगट्या मारल्या. कल्पना कोणती होती? कागदी पट आणि लाकडी फासा, जो आपण लहानपणापासून ओळखतो. घरातली गोष्ट ओळखीची होती, म्हणून ती घरात शिरली.

घाटाच्या पलीकडे, पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी’ हा खेळ तयार केला. आपल्या हरवलेल्या लहान भावाला शोधत निघालेल्या एका मुलीची ती कथा आहे. स्टुडिओच्या संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी कलेची बाजू सांभाळली. २०१७ साली त्यांनी लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी मागून पाहिली. ठरवलेली रक्कम जमली नाही. त्यांनी काम सोडले नाही. २०२० साली खेळ बाहेर आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय सोहळ्यात पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या नामांकनात त्याचे नाव लागले. हा पिल्लाचा खेळ नाही आणि मोबाईलचाही नव्हता. पण वर्गणी फसल्यावर तीन वर्षे टिकून राहणे काय असते, हे होतकरू मुलांना यातून कळेल.

शिकायचे तर कसे?

या क्षेत्राच्या नावाने भरमसाट फी घेणारे क्लास पुष्कळ निघाले आहेत. ‘गेमिंगमध्ये करिअर’ असा फलक पाहून कर्ज काढू नये. प्रवेश घेण्याआधी विचारावे की, हा अभ्यासक्रम कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचा किंवा मंडळाचा आहे? पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती ही मान्यताप्राप्त संस्थेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. क्लासवाल्याच्या तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव महाडीबीटीच्या संकेतस्थळावर आहे की नाही, हे स्वतः पाहावे. नसेल तर पूर्ण फी खिशातून जाणार, हे धरून चालावे.

सुरुवात मात्र फुकटात करता येते आणि ती करावीच. ‘स्क्रॅच’ हे २००७ साली अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतून आलेले साधन आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी आहे. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून त्यात भुकेचा आकडा कमी-जास्त करणारे पिल्लू एका सुट्टीत तयार होते. थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘गोदो’ हे खेळ बनवण्याचे साधन विनामूल्य आहे. ते साध्या संगणकावर चालते, अँड्रॉइड फोनवरही चालते. चित्रांसाठी ‘ब्लेंडर’ आहे, तेही विनामूल्य. इंग्रजीची भीती बाळगू नये. लागणारे शब्द थोडे असतात आणि हात चालू लागला की ते आपोआप बसतात.

खेळ तयार झाला की प्ले स्टोअरवर खाते उघडायला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ॲपलकडे हीच रक्कम दर वर्षी ९९ डॉलर आहे, म्हणून नवशिक्याने अँड्रॉइडपासून आरंभ करावा. विक्रीतला काही हिस्सा दुकान कापून घेते. २०२१ साली गूगलने वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवरचा हिस्सा १५ टक्क्यांवर आणला, त्याने लहान स्टुडिओंना मोठा आधार झाला. गूगलची आणखी एक अट आली. नव्या वैयक्तिक खात्यावरून खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी काही माणसांनी तो सलग १४ दिवस वापरून पाहिला पाहिजे. २०२३ साली ही संख्या वीस होती, २०२४ च्या डिसेंबरात ती बारा झाली. शहरातल्या एकट्या मुलाला बारा माणसे गोळा करणे अवघड जाते. आपल्या वस्तीत बारा माणसे एका हाकेत जमतात.

आमची एक सूचना आहे. ज्या विहारांत किंवा समाजमंदिरांत अभ्यासिका आहे, तेथे एक वापरलेला संगणक ठेवावा. कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी लहानांना ‘स्क्रॅच’ दाखवावे. मुलींना आवर्जून बसवावे. चित्रकलेची वही भरणारी मुलगी ‘संगणक दादांचा’ म्हणून मागे राहता कामा नये. पुण्याकडे घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिने जिथे जोडली जात, ते स्टेशन म्हणून कर्जतची ओळख आहे. चढ असला की मागून रेटा लागतो, हे कर्जतकरांना कोणी सांगायला नको.

कर्जतचे पिल्लू

समजा, अशा तीन-चार मुलांनी इथे बसून पिल्लाचा खेळ बनवला, तर ते पिल्लू कोणते असेल? कदाचित ते करडू असेल. आपल्याकडच्या वाड्यांवरच्या ठाकर, कातकरी मुलांनी आणि आपल्याही घरांतील मुलांनी करडे पाळली आहेत. करडू दिवसभर माळावर स्वतः चरते. संध्याकाळी घरी आले की त्याला पाणी द्यायचे, खरकटे-पाला द्यायचा, पावसात भिजले असेल तर पुसून कोरड्यात बांधायचे. म्हणजे रात्री नऊला फोन घरी आला तरी चालेल, कारण करडूही तेव्हाच दावणीला येणार. आषाढात त्याला सर्दी होईल, उन्हाळ्यात त्याच्यासाठी पाणी लांबून आणावे लागेल. किंवा ते माथेरानचे घोडे असेल. तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे घोड्यावर कित्येकांचे घर चालते, आणि घोड्याचे पोट भरल्याशिवाय घरचे पोट भरत नाही, हे तिथल्या मुलांना लहानपणीच ठाऊक असते. त्या खेळात रेंज नसली तरी अडणार नाही. पिल्लू मराठीत बोलेल. आणि मूल दोन दिवस आले नाही तर ते एवढेच म्हणेल, ‘आलास? परीक्षा होती का?’

असा खेळ कोटींनी विकला जाईल की नाही, हे सांगता येत नाही. पण एका खोलीत बसलेली चार माणसे दूरच्या लाखो घरांतल्या संध्याकाळी ठरवतात, हे आपण पाहिले. त्या चारांत आपले एक मूल असायला हवे. तेव्हा पालकांनो, पुढच्या वेळी मूल मोबाईलमधल्या पिल्लाला भरवताना दिसले, तर फोन हिसकावण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, ‘याला तासाला किती भूक लागते रे? हा आकडा कोणी लिहिला असेल? तू असतास तर किती लिहिला असतास?’ उत्तर देताना मूल थांबून विचार करू लागले, तर त्याच्या हातात वही आणि पेन द्या आणि त्याला त्याच्या पिल्लाचे नियम लिहू द्या. स्टुडिओचे पहिले काम वही-पेनानेच सुरू होते, आणि त्याला वीजही लागत नाही.